पद्माकररावांचा रोमन बाण

आमचे जावई पद्माकरराव जर्मनीत वोल्फ्सबुर्गला मोटारीच्या कारखान्यात क्वालिटी बघतात. दरवाजा आणि चौकट यांच्यात केसभर फट जास्त दिसली की गाडी माघारी. घरी पोळीकडंही त्याच नजरेनं बघतात. माझी लेक नीता इतकी वर्षं या माणसाला जेवू घालतेय, तिला एखादं पदक द्यायला कुणाची हरकत नसावी.

माणूस मात्र ओळंब्यासारखा सरळ. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला उभा. मी त्यांच्याकडंच राहतो. एकदा विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"हिरव्याची, दादा."

अशा माणसाला चाळिशीनंतर नाद लागला तो लढाईचा. तीही अठराशे वर्षांपूर्वी संपलेली. वोल्फ्सबुर्गपासून गाडीनं तासाभरावर झाडीची एक टेकडी आहे. तिथं घरी दक्षिणेकडं परतणारी रोमन फौज जर्मन टोळ्यांनी अडवली, आणि रोमनांनी यंत्रांतून लोखंडी बाण सोडत वाट काढली. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही बरं का. मातीतल्या गंजलेल्या लोखंडावरून ओळखायचं. बाणाचं टोक जिकडं, तिकडं तो सुटला होता. टेकडीवरचे झाडून सगळे बाण दक्षिणेकडं तोंड करून रुतलेले.

ओळखायचं काम तिथल्या उत्खननाच्या प्रमुख फ्राऊ डॉक्टर बेहरेन्सबाईंचं. आमच्या गावात विहीर खणताना घागर निघाली होती, तर पाटलांनी ती आपल्या पूर्वजांच्या खजिन्याची ठरवली, गुरवानं देवळाची, आणि शाळेच्या हेडमास्तरांनी थेट सातवाहनांची. घागर बोलू शकत नाही हे तिघांच्याही पथ्यावर पडलं. बेहरेन्सबाई शिकलेल्या, त्यामुळं त्या तिघांची कामं एकट्या करत. जावयांचं मत वेगळंच. टोळ्या हरल्या, कारण त्यांच्याकडं प्रोसेस नव्हती. मी म्हटलं, "अहो, त्यांच्याकडं मीटिंगाही नसतील. तेवढा वेळ लढायला मिळाला असेल." ते हसले नाहीत.

त्यांना हवा होता परवाना. तिथं वर्षभर उमेदवारी करावी लागते. मातीतला धातू हुडकणारं यंत्र कानाला लावून फिरायचं, वाजलं की झेंडी रोवायची आणि हात मागं बांधून उभं राहायचं. खणणार बाई. वर्षाअखेर बाईंनी शिफारस केली तर सरकारी परवाना, मग स्वतः शोधायची मुभा. त्या कागदासाठी जावई वर्षभर शनिवार-रविवार चिखलात होते. नोकरीतल्या पगारवाढीसाठी एवढी धडपड केली असती, तर आज कारखाना त्यांचा असता.

२०१७ साल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, यंत्र वाजलं. जावई एकटे. बाई सोमवारी येणार. झेंडी रोवली, हात मागं बांधले, आणि मग मनात आलं, आज खंडेनवमी. उद्या आपण घरी पाना, लॅपटॉप, मिक्सर, सगळ्याला कुंकू लावणार, आणि हे खरंखुरं शस्त्र मातीत उपाशी? जन्मात पहिल्यांदा लाल दिवा ओलांडला तो असा. वीतभर खोलावरचा बाण काढला आणि घरी आणला.

पूजेत बाण मिक्सरशेजारी मांडला. आधी त्यांनी स्वच्छ धुतला होता, खोबरेल चोळलं होतं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून बागेतली कुठलीशी. नीता म्हणाली, "अहो, हे चालतं का?"

"रविवारी जागच्या जागी ठेवतो. मिलिमीटरचा फरक पडणार नाही."

आणि खरंच, पुसून, त्याच खड्ड्यात, त्याच खोलीवर ठेवला. वर पालापाचोळाही तसाच.

महिन्याभरानं बाईंचं व्याख्यान जाहीर झालं. एक बाण उत्तरेकडं तोंड केलेला सापडला होता. म्हणजे टोळ्यांनी रोमनांचं यंत्र हिसकावून त्यांच्यावरच उलटवलं. वर्तमानपत्रात फोटो आला. बाण विलक्षण चांगला टिकलाय, हा तिथल्या मातीचा गुण, असंही बाईंनी सांगितलं होतं. खोबरेलाला एवढा मान कोकणातसुद्धा मिळालेला नाही.

जावई पेपर वाचताना पांढरे पडले. मी विचारलं, "परत ठेवताना टोक कुठं केलंत?"

"उत्तरेला."

"आणि काढलं तेव्हा?"

"दक्षिणेला. पण दादा, पूजा केलेलं शस्त्र दक्षिणेला तोंड करून कसं ठेवणार? ती यमाची दिशा. हात आपोआप वळला."

नात वल्लरीला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. म्हणाली, त्या रोमनांचं घरच दक्षिणेला होतं ना.

त्याच कार्यक्रमात जावयांना शिफारसपत्र मिळायचं होतं. नीता म्हणाली, "गप्प बसलात तर कुणाला कळणार आहे?" ते म्हणाले, "मला कळलंय ना." क्वालिटीवाला माणूस, दुसऱ्याची फट परत पाठवतो, आपली कशी पास करणार?

व्याख्यानाआधी त्यांनी बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. मी शेजारीच होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "हेर पद्माकर," म्हणजे तिकडचं श्रीयुत, "जागा अस्पर्शित होती अशी माझी नोंद आहे." म्हणजे बघा, खणणारा सांगतोय मी खणलं, आणि विदुषी सांगतेय तू खणलंच नाहीस. "शिवाय आठवण हा पुरावा नसतो," असं म्हणून त्या मंचावर गेल्या.

व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या, शिफारसपत्र द्यायला जावयांचं नाव पुकारलं. जावई मंचावर गेले, कागद हातात घेतला नाही, आणि माइकवर सगळं सांगितलं. कुंकू, खोबरेल, यम, सगळं. मग मागून एक म्हातारे उठले. मला वाटलं आता वाभाडे काढणार. त्यांनी विचारलं, "मी दक्षिणेकडं पाय करून झोपतो. ते चालतं का?"

पुढं अर्धा तास पलंगांच्या दिशांवर चर्चा. बाणाबद्दल एकानंही विचारलं नाही. शेवटी बाईंनी एवढंच विचारलं, "नक्की दक्षिणच?"

"गेनाऊ, अगदी दक्षिणच. काढण्याआधी फोनच्या होकायंत्रात बघितलं होतं. फोटो आहे."

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. मग शिफारसपत्राचे चार तुकडे केले आणि म्हणाल्या, "हा फोटो मला पाठवा. आणि टेकडीवर पुन्हा पाय ठेवू नका."

गाडीनं घरी निघालो. रस्ता रिकामा होता, दिवा लाल होता, आणि जावई थांबले.