गजाभाऊंनी बांधलेली पट्टी

गजाभाऊ तोडणकर माणसाच्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत, नाकाकडे बघायचे. मी त्यांच्या चष्म्याच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा रत्नागिरीत विज्ञानाचा शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली, काउंटरवरून वाकून माझ्या नाकाच्या मुळाशी अंगठा टेकवला, थोडा डावीकडे सरकवला आणि म्हणाले, "लहानपणी पडला होतात."

मी पडलो होतो. विहिरीच्या पायरीवर. हे यांना कसं कळलं म्हणून मी बघतच राहिलो, तर ते वैतागले. "असे बघू नका हो मास्तर. हाड वाकडं आहे, हाताला लागलं. एवढ्यावर लोक माणसाला महाराज करतात."

दुकान बाजारपेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी होतं, जेमतेम दहा फूट रुंद. कोपऱ्यात विजेवर तापणारा वाळूचा डबा. चष्म्याची काडी त्या गरम वाळूत खुपसायची, मऊ झाली की कानाच्या मापाने वाकवायची. दोन मिनिटांच्या या कामाला गजाभाऊ वीस मिनिटं लावत, कारण मधे गिऱ्हाइकाला पाच वेळा मान वर-खाली करायला लावत. "नंबर डॉक्टर काढतो," ते म्हणत. "पण सगळ्या जगात दोन नाकं सारखी नाहीत. खालून कुठेतरी फट राहतेच. आणि माणूस भारी लबाड. त्या फटीतून बघायला शिकतो आणि म्हणतो, चष्म्याने दिसतंय."

त्यांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. आंब्याची पेटी घेताना आंबा शेवटी बघत, आधी तळाचा वर्तमानपत्राचा कागद ओढून काढत. "पेपर कानडी, आणि आंबा म्हणे पावसचा!" विकणारा काही बोलायच्या आत पुढच्या पेटीकडे वळलेले असत. लोहचुंबक बसवलेला चष्मा विकणारा एक टाय लावलेला माणूस मुंबईहून आला होता. हा लावला की नंबर उतरतो, असं त्याचं म्हणणं. गजाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः जो लावलायत, तो साधा आहे ना?" माणूस चहा न पिता गेला.

डोळे तपासायच्या अक्षरांचे त्यांच्याकडे तीन तक्ते होते. नाटे गावचा एक ड्रायव्हर लायसनसाठी आला आणि खालची ओळ धडाधड म्हणून गेला. गजाभाऊंनी तक्ता बदलला. ड्रायव्हरने तीच ओळ पुन्हा म्हटली. "दिसतंय, की ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. हा त्यांचा ठरलेला प्रश्न. तक्त्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला तर ते विचारतच, पण भुताची गोष्ट सांगणाऱ्याला, निवडणुकीचा अंदाज सांगणाऱ्याला, सुनेची तक्रार करणाऱ्या सासूलाही विचारत.

या संशयी माणसाची दुसरी बाजू मला एका दुपारी दिसली. गुहागरकडची एक म्हातारी बाई मुलाला घेऊन आली होती. त्यांच्या गावच्या मठात एका महाराजांचा चष्मा चांदीच्या डबीत ठेवलेला असतो, दरवर्षी दर्शनाला काढतात. त्याची काडी निखळली होती. बाईंनी डबी उघडताना पदर डोक्यावर घेतला. गजाभाऊंनी हात धुतले, चष्मा उचलला, उजेडात धरला, काचेवर हलकेच नख वाजवलं. मग नवीन स्क्रू बसवला, काच पुसली आणि डबी दोन्ही हातांनी परत दिली.

ती माणसं गेल्यावर मी विचारलं, "खरा होता?"

"महाराज गेले तेव्हा माझा बाप रांगत होता. ही काच प्लास्टिकची. अशी काच आमच्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा मला मिसरूड फुटलेलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला? त्या म्हातारीला? ती फसवत नाही, फसलेली आहे. ज्याने डबीत ठेवला त्याला आणा समोर, मग बघा."

त्या वेळी मी हसलो.

इथवर जे लिहिलं ते त्यांना ओळखणारा कुणीही लिहू शकला असता. पुढचं फक्त मीच लिहू शकतो, आणि नऊ वर्षं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझी मुलगी रेवा तेव्हा दहा वर्षांची होती. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी. त्या वर्षी शहरात एक शिबिर आलं. मुलांचा 'मधला मेंदू' जागा करतात, मग मूल डोळ्यांवर काळी पट्टी बांधून वाचू लागतं, असा त्यांचा दावा. आमच्या इमारतीतली चार मुलं निघाली होती. बायको म्हणाली, "जाऊ दे, धीट तरी होईल." मी नाही म्हटलं नाही. दोन दिवस संगीत, डोळे मिटून पडणं, पालक दाराबाहेर. दुसऱ्या संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं. रेवाने पट्टी बांधून चेंडूंचे रंग ओळखले आणि गोष्टीच्या पुस्तकाचं एक पान सरळ वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी टाळ्या वाजण्याची ती पहिलीच वेळ.

घरी आल्यावर मी वर्तमानपत्र तिच्या कपाळासमोर धरलं. "इतक्या वर नाही येत, बाबा," ती म्हणाली. छातीपाशी आणलं, तर येऊ लागलं. हनुवटी किंचित वर उचललेली. पट्टी आणि नाक यांच्यामध्ये भाताचं शीत जाईल एवढी फट. प्रकाश सरळ रेषेत जातो हे मी दरवर्षी आकृती काढून शिकवतो. मला समजायला एक मिनिटही लागलं नाही. मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणालो, "छान."

तेव्हाच तिला जवळ घेऊन विचारलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. पण तिचा चेहरा इतका उजळलेला होता, की मला धीर झाला नाही. हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं, की मलाही त्या टाळ्या आवडल्या होत्या. आठवड्याने शिबिराचे ट्रेनर सर घरी आले. पत्रकावर माझा अनुभव छापायचा होता. मी सही दिली. 'विज्ञान शिक्षक सांगतात', असा मथळा होता, आणि खाली माझा फोटो.

गजाभाऊंनी ते पत्रक काउंटरवर माझ्यापुढे ठेवलं. "हे तुम्हीच ना?"

"हो."

"दिसलं तुम्हाला, की ठाऊक आहे?"

"रेवा वाचते, गजाभाऊ."

"ते मी विचारलं नाही," म्हणाले, आणि काडी वाळूत खुपसली.

पुढच्या रविवारी सकाळी एका सभागृहात जाहीर प्रात्यक्षिक होतं. दोन-अडीचशे माणसं असतील. रेवा व्यासपीठावर आली तेव्हा मधल्या रांगेतून गजाभाऊ उठले. "पट्टी मी बांधतो. चालेल?" मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लावतात तसे कापसाचे दोन जाड पॅड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते. मला पहिल्या रांगेतून दिसत होते. ट्रेनर सरांनी हसून माझ्याकडे बघितलं, "वडिलांची परवानगी असेल तर." नाही म्हणणं म्हणजे कबूल करणं. मी मान हलवली.

गजाभाऊ वर गेले. रेवापुढे गुडघ्यावर बसले, सवयीने तिच्या नाकाच्या मुळाशी अंगठा टेकवला. तिचे ओठ थरथरत होते. ते तिच्या कानाशी काहीतरी बोलले. मग त्यांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. त्यांनी शिबिराचीच काळी पट्टी घेतली, बांधली आणि बाजूला झाले.

रेवाने वाचलं. सगळं पान वाचलं.

सभागृह दणाणलं. "गजाभाऊ, आता स्वतःचा नंबर तपासा!" मागून कुणीतरी ओरडलं. ट्रेनर सर माईकवरून म्हणाले, "काकांना शंका होती. आता गेली. गेली ना काका?"

"पट्टी मी बांधली," गजाभाऊ म्हणाले. "चूक असली तर माझी." आणि हशात वाट काढत बाहेर पडले.

आयुष्यभर नाकं मोजलेला माणूस चुकून फट ठेवणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनी ती ठेवली, हेही मी बघितलं होतं. त्या संध्याकाळी रेवा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय." तिला काय सांगायचंय ते मला माहीत होतं. म्हणूनच म्हणालो, "उद्या सांग हं." तिने उद्या सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी गजाभाऊ माझ्या घरी आले. त्याआधी कधी आले नव्हते. बसले नाहीत. पालीच्या पलीकडच्या एका गावातून कमल नावाची बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे यायची. नवरा मुंबईला. मुलीचा एक डोळा आळशी होता, म्हणजे डोळ्यात दोष नाही, पण मेंदू त्याचं ऐकत नाही. अशा वेळी चांगला डोळा रोज काही तास झाकायचा, म्हणजे दुसऱ्याला काम करावंच लागतं. हे लहान वयातच करायचं असतं. गजाभाऊ तिच्या मापाच्या पट्ट्या कापून देत.

"बाईने पट्टी बंद केली," ते म्हणाले. "शिबिरात सांगितलं, मेंदू जागा झाला की डोळ्याचं आपोआप होईल. तुमचा फोटो आहे तिच्याकडे. मास्तर, माझ्याबरोबर चला. एवढंच म्हणा, की पट्टीखालून दिसत होतं. पोरीचं नाव घेऊ नका. म्हाताऱ्याने ढिली बांधली म्हणा. माझं नाव घ्या."

"येतो," मी म्हणालो. "रविवारी."

रविवारी स्टँडवर माझी वाट बघत त्यांनी दोन गाड्या जाऊ दिल्या, असं मला नंतर कळलं. मग तिसऱ्या गाडीने एकटेच गेले.

सोमवारी मी दुकानात गेलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "हाकललं नाही. चहा दिला. म्हणाली, भाऊ, पट्टी तर तुमीच बांधलीत, मग ती पोर वाचली कशी? मी म्हटलं, ढिली बांधली. तर म्हणाली, हरल्यावर मानूस असंच बोलतं." थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. "बरोबर आहे तिचं. मीही विश्वास ठेवला नसता."

वर्षभरात शिबिरवाले शहर सोडून गेले. कमल मुलीला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे आली तेव्हा बराच उशीर झाला होता. पट्टी परत सुरू केली, पण डोळा फारसा सुधारला नाही. हे मला गजाभाऊंनीच सांगितलं. माझे चष्मे ते नंतरही करून देत होते, आणि दर वेळी नाकावर अंगठा टेकवला की मी नजर खाली घ्यायचो.

रेवा आता पुण्याला शिकते. गेल्या मे महिन्यात घरी आली होती. जेवताना अचानक म्हणाली, "गजाभाऊ माझ्या कानात काय बोलले होते, तुम्ही कधी विचारलंच नाहीत." मी विचारलं. "म्हणाले, भिऊ नको, मी ढिली बांधतो. आज वाच. पण घरी गेलीस की बाबांना सांग. ते मास्तर आहेत, त्यांना कळेल काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी मी गजाभाऊंच्या घरी गेलो. दुकान मुलाकडे सोपवून वर्ष झालं होतं, छातीच्या दुखण्याने ते अंथरुणाला खिळलेले. मी सगळं सांगितलं. वर्तमानपत्र, सही, टेबलाशी उभी राहिलेली रेवा, तो रविवार. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं.

"हे माझ्यासाठी सांगताय, की तुमच्यासाठी?"

मग त्यांनी डोळे उघडले.

"मला कशाला सांगताय, मास्तर? मला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

पावसाळा संपायच्या आत ते गेले. शोकसभेत त्यांच्या संशयाचे किस्से निघाले, लोक प्रेमाने हसले. एकाने प्रात्यक्षिकाची गोष्ट सांगितली, दहा वर्षांच्या पोरीने गजाभाऊंना कसं हरवलं ती. मी तिसऱ्या रांगेत होतो. तेव्हाही उठलो नाही. रात्री रेवाला फोन केला, कमलचंही सांगितलं आणि हे सगळं लिहू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "लिहा. पण आधी जाऊन या."

मी गेलो. कमल अंगणात पावसाने सादळलेली आमसुलं पुन्हा उन्हात पसरत होती. मुलगी पंधरा वर्षांची झाली आहे. दाराशी बसून अभ्यास करत होती, वही उजवीकडे सरकवून, मान वळवून. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कमलने हात थांबवला नाही. सगळी टोपली रिकामी झाल्यावर पदराला हात पुसले.

"भाऊनं पट्टी ढिली बांधलेली, ह्ये तुमाला तवाच कळलेलं?"

"हो."

"आनि ते मला सांगायला आले, त्या दिशी तुमी कुठं व्हतात?"

"घरीच होतो," मी म्हणालो.