येताना बारीक, जाताना जाड

दाजी गेल्याची तार जळगावला आली, तेव्हा पहिली शंका मला तारेचीच आली. पाठवणाऱ्याचं नाव दोनदा तपासलं. स्वभावाला औषध नाही... आणि याच स्वभावापायी मी एकदा माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, संसार मोडत आणला होता. आता दाजी गेल्यावर दीड महिन्यानं ते सांगून टाकतो.

दाजी धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. साठच्या दशकातली गोष्ट. दर रविवारी सकाळी सायकल काढून कुठंसं जायचे आणि जेवायला परत यायचे. विचारलं की म्हणायचे, ताऱ्यांचं काम आहे. भर उन्हात कसले तारे? अक्कानं मला धुळ्याला बोलावून पाळत ठेवायला सांगितलं आणि मी तर एका पायावर तयार. बाभळीआडून पाहिलं. चाळीसगावच्या रुळावरचं गावाबाहेरचं फाटक, गेटमनची खोली, आणि ओट्यावर गेटमनच्या बायकोशेजारी आमचे दाजी. ती हसून काही सांगत होती, हे वहीत लिहीत होते. गाडी शिट्टी वाजवत गेली, पण माझं सगळं लक्ष त्या बाईच्या हसण्याकडे. घरी येऊन तिखटमीठ लावून सांगितलं. त्याच आठवड्यात अक्का सावद्याला माहेरी निघून आली.

दोन महिन्यांनी दाजी आले. आमच्या आबांसमोर चहाला हात न लावता सांगू लागले... तारा आडवा सरकला तर फार वर्षांनी का होईना, सरकलेला कळतो. पण सरळ आपल्याकडे येणारा किंवा दूर जाणारा तारा जागीच दिसतो. त्याचा वेग प्रकाशाच्या रंगातल्या किंचित फरकावरून काढतात, जसा शिट्टीवरून गाडीचा. मुलांना हे शिकवायचं होतं, पण दाजींना सुराचा कान नव्हता. फाटकावरची बाई मात्र एकदा सहज म्हणाली होती, "मास्तर, गाडी येस तवय आवाज बारीक ऱ्हास, जास तवय जाड व्हई जास." तेव्हापासून ते तिच्या कानानं नोंदी करत होते.

मला यातलं अक्षर पटलं नाही. अक्का मात्र दाराआडून पुढं आली.

"मग मले काबरं नाही इचारलं? मले कान नव्हते का?"

दाजींनी सोबतची वही तिच्यापुढं धरली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर धुळ्याला गेली, आणि घरी जाण्याआधी फाटकावर. पुढं तिनं हट्टानं रुळाजवळची खोली भाड्यानं घेतली. गाडी आली की ती ऐकायची, ते लिहायचे. मी माफी कधीच मागितली नाही. ती बाई का हसत होती, हा किडा डोक्यातून गेला नव्हता. दाजी मला शेवटपर्यंत "या पाहुणे" एवढंच म्हणाले. लाज वाटते.

परवा धुळ्याला गेलो. दुपारच्या गाडीची शिट्टी झाली, तशी अक्कानं निवडत असलेले तांदूळ बाजूला सारले आणि दाजींची वही ओढली. ती काय लिहिते ते मी खांद्यावरून वाकून पाहिलं, सवयच ती. पानावर दाजींनी आखलेले दोन रकाने होते, 'येताना' आणि 'जाताना'. दीड महिना तिनं फक्त दुसराच भरला होता.