भोंगा झाला, तवा ठेवा

भीतीचं एक बरं असतं. असते तोवर घास गिळू देत नाही, पण गेली की मागे एक किस्सा ठेवून जाते. आम्हा बदलीवाल्यांच्या घरात म्हणूनच सामान कमी आणि किस्से फार. सुट्टीला सोलापुरात आले की मैत्रिणी जमतात आणि म्हणतात, "सांग की, समुद्राकडचं!" मी सांगते. त्या हसतात, मीही हसते. पण खरं सांगू? तिथल्या दोन वर्षांत मी हसले कमी आणि टरकले जास्त.

गावाचं नाव सांगणार नाही, नवऱ्याची ताकीद आहे. नवरा, म्हणजे शिवानंद, हवाई दलात सार्जंट. लढाऊ विमानांच्या इंजिनांवर काम करतो. समुद्रकाठच्या एअरबेसवर पोस्टिंग आलं आणि आम्ही चौघं निघालो: तो, मी, सात वर्षांची गौरी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, शिवानंद अव्वा म्हणतो. "एवढ्या लांब कशाला येता?" असं सगळ्यांनी विचारलं. आत्या म्हणाल्या, "पोरगं भोंग्याजवळ र्‍हानार आन मी हितं काय करू?" तेव्हा ते कुणाला कळलं नाही.

* * *

आत्यांनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे उजनीचं. पहिल्याच आठवड्यात शिवानंद त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेला. पदर डोक्यावर घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"भिंत कुटाय रे?"

"कसली भिंत, अव्वा?"

"धरनाची! एवढं पानी अडवलंय कुनी?"

"कुणीच नाही. असंच असतं ते."

आत्या दोन पावलं मागे सरकल्या. "यव्वा! मोकळंच हाय व्हय हे!"

घरी येऊन त्यांनी खाट फिरवून घेतली. समुद्राकडे पाठ करून झोपणार नाही म्हणाल्या. मी खूप हसले. आठवड्याभराने माझीही खाट फिरवली.

* * *

आम्ही बेसच्या गेटवर पोहोचलो तेव्हाचं सांगायचं राहिलंच. सोलापूरची बाई परगावी निघाली की एक वेळ कपडे विसरेल, पण कडक भाकरी विसरणार नाही. महिना महिना टिकते ती. आत्यांच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेल्या चळतीच्या चळती. गेटवर ट्रंक उघडली, गार्डने त्यातली एक गोल, टणक चकती बाहेर काढली आणि नखाने वाजवून पाहिली. टक् टक्! त्याने दुसऱ्याला हाक मारली.

"माताजी, ये क्या चीज है?"

झालं! पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या नावावर काहीतरी लिहिलं जाणार! आत्यांनी भाकरी त्याच्या हातातून काढून घेतली, कडकन मोडली, अर्धी त्याला दिली, अर्धी स्वतः तोंडात टाकली.

"खावो! बाम हय तो दोनो मरेंगे!"

लष्कराच्या गेटवर बॉम्बचं नाव! गार्ड पोट धरून हसला म्हणून सुटलो.

गंमत म्हणजे त्या खाऱ्या, दमट हवेत तिसऱ्याच दिवशी सगळी चळत मऊ पडली. उचलली की ओल्या टॉवेलसारखी लोंबायची. आत्या तिच्याकडे बघत बसल्या. "हितं भाकर टिकंना, मानसं काय टिकायची!" त्या वाक्याने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग ताजी भाकरी रोज व्हायला लागली. आत्यांचा एक नियम. पिठाला हात लावायच्या आधी विचारणार, "कोन कोन हाय जेवाया?" आणि तेवढ्याच भाकऱ्या करणार. त्यांच्या हातची भाकरी कधी उरली नाही आणि कधी कमी पडली नाही.

* * *

पहिलं जेट डोक्यावरून गेलं तेव्हा मी कुकर लावत होते. वाटलं, कुकरच फुटला! भांडी वाजली, खिडक्या वाजल्या, गौरी खाटेखाली गेली ती दुधासाठीसुद्धा बाहेर येईना. शेजारच्या पूनमभाभी धावत आल्या. त्या हरियाणाच्या, अशा बेसवर त्यांचं हे चौथं पोस्टिंग.

मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आवाज से मत डरो. जिस दिन आवाज न आए, उस दिन डरना."

धीर द्यायला आल्या होत्या! तेव्हापासून मी आवाजाला भ्यायचं सोडलं आणि शांततेला भ्यायला लागले. त्यात शिवानंद सायकलवरून ड्युटीला जाणार, आत गेला की फोन जमा. तो परत येईपर्यंत आहे-नाही कळायची सोय नाही. सायकलची घंटी वाजली की माझा दिवस संपायचा. ती वाजलीच नाही तर? मी हा प्रश्न कुणाला विचारला नाही.

* * *

मग एक दिवस ड्रिल. आदल्या दिवशी लाउडस्पीकरवर सांगून गेले होते: दिवेलागणीला सायरन होईल, सगळे दिवे बंद, टेबलाखाली बसायचं. सायरन सुरू झाला. वर चढतोय, खाली उतरतोय, पोटातून ओढल्यासारखा. मी आणि गौरी टेबलाखाली.

आत्या शांतपणे उठल्या, गॅस पेटवला आणि तवा ठेवला!

बाहेर शिट्टी. "लाइट बंद करो! लाइट!" दिवे तपासत फिरणारा वॉर्डन दारातच आला. मी हात जोडले. आत्या पीठ मळतच होत्या.

"भोंगा झाला की. पोरगं सुटंल आता, उपाशी येईल."

माझे सासरे गिरणीत होते. तेव्हा सारं सोलापूर भोंग्यावर चालायचं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आत्या तवा ठेवायच्या, सासरे चप्पल काढेपर्यंत भाकरी ताटात. लग्न झाल्यापासून गिरणी बंद पडेपर्यंत हेच.

वॉर्डन समजावत होता, "माताजी, ये खतरे का सायरन है!"

मी आत्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "मग खतऱ्यात मानूस जेवत न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला दोन सोलापुरी चादरी ठोकल्या. आत गॅस पेटवून मला बाहेर उभं केलं. ठिपकाभर उजेड दिसेना! वॉर्डन स्वतः बघून गेला. मग पूनमभाभींनी दोन चादरी मागितल्या, त्यांच्या पलीकडच्यांनी चार. माझ्या भावाने पार्सल पाठवलं, आणि महिन्याभरात आमची अख्खी रांग सोलापुरी चादरीआड गेली.

* * *

शेवटचा सायरन सांगून झाला नाही.

शिवानंद आदल्या दिवशी सकाळी गेला होता. रात्री आला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आला नाही. संध्याकाळी एकामागून एक विमानं उडाली. मग सायरन. लाउडस्पीकर गप्प होता, म्हणजे हे ड्रिल नव्हतं. मी गौरीला घेऊन टेबलाखाली गेले. सायरन थांबला आणि सगळीकडे शांत झालं. पूनमभाभींचं वाक्य डोक्यात वाजायला लागलं. गौरी हळूच म्हणाली, "आई, तू थरथरू नको ना. मला कळतंय."

आणि स्वयंपाकघरातून आवाज यायला लागला. थप. थप. थप.

आज पहिल्यांदाच आत्यांनी विचारलं नव्हतं, कोण कोण आहे जेवायला.

तो आवाज थांबेचना. एक भाकरी, दुसरी, पाचवी, दहावी. माझा तोल सुटला. मी टेबलाखालून ओरडले, "आत्या, हा गिरणीचा भोंगा नाही हो! गिरणी कधीच बंद पडली!"

आवाज थांबला.

"ठावं हाय मला," आत्या म्हणाल्या. "येडी न्हाय मी."

आणि पुन्हा थप. थप. थप.

धोका टळल्याचा सायरन झाला तेव्हाही ते चालूच होतं. गौरी माझ्या मांडीवर झोपली. माझा डोळा कधी लागला ठाऊक नाही.

उजाडताना सायकलची घंटी वाजली. शिवानंद दारात. डोळे लाल, हात काळे, बोलायचं त्राण नाही. मला उठता येईना, मी नुसती रडत राहिले. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून पाणी प्यायला आत गेला आणि उंबऱ्यातच थांबला.

ओट्यावर भाकऱ्या. परातीत भाकऱ्या. टोपलीत, डब्यांच्या झाकणांवर, जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर भाकऱ्या. पिठाचा डबा कोपऱ्यात रिकामा पडलेला. आत्या तव्यापाशी उभ्या, हात कोपरापर्यंत पांढरे.

"अव्वा," तो म्हणाला, "कितीजण होते गं जेवायला?"

आत्यांनी गॅस बंद केला.

"येकच," त्या म्हणाल्या.