कुलूप लावलेल्या घरांचे फॉर्म

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच कदाचित जीभ रेटतेय.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल का होत नाही, याचा शोध घेणारी एक पाहणी आमच्या शेवगावकडच्या गावांत आली होती. दारोदार जाऊन बायकांना विचारायला गावातलीच कुणी हवी होती. मला घेतलं. बारावी होऊन चुलीपुढे बसलेली मी — त्या कामानं मला चारचौघांत बोलायला शिकवलं. त्याचे उपकार मी कधीच विसरणार नाही.

आणि त्याच कामात मी काय केलं?

दसरा झाला की आमच्याकडची निम्मी गावं ऊसतोडीला जातात. त्या वर्षी माझे अकरा फॉर्म राहिले होते आणि अकराही घरांना कुलूप. कारखान्यावर जाऊन तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांतून, त्या कोप्यांतून एकेकीला शोधायचं? कंटाळा आला — दुसरं काय म्हणू? म्हटलं, साऱ्या ओळखीच्याच, यांचं मला काय ठाऊक नाही? घरी बसून अकराही भरले. वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून पेनंही बदलली. तेवढी अक्कल बरी चालली.

त्या अकरा जणींतली रुक्मिणी माझ्याच गल्लीतली. लग्नाला सात वर्षं, मूल नाही. तिच्या फॉर्मवर मी लिहिलं — पाळी नियमित, ताप नाही, तक्रार नाही. तक्रार नसलेल्यांचा नंबर तपासणीत सगळ्यात शेवटी लागायचा.

दीड वर्षानं पाहणीतल्या नर्स, मार्था सिस्टर, तिला स्वतः भेटल्या. रोज संध्याकाळी ताप, पाळी जवळजवळ थांबलेली. गर्भाशयाचा टीबी निघाला. गोळ्यांनी ती बरी झाली, पण नळ्या बंद झाल्यात, मूल होणार नाही. आधी कळलं असतं तर कदाचित — असं डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांनी तो फॉर्म पाहिला, मग माझ्याकडे. "पुढच्या खेपेला दारात जाऊन विचारत जा," एवढंच म्हणाल्या. मला कामावर ठेवलं. त्यांचे आभार मानायला गेले असते, तर सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून तेही राहिले. तेव्हापासून मी कोप्यांपर्यंत जाते.

गोळ्यांच्या सहा महिन्यांत मी रोज रुक्मिणीकडे जायचे, समोर बसून तिला गोळी घ्यायला लावायचे. मायेनं की भीतीनं? खरंच सांगता येत नाही. ती जगली, म्हणून मी रोज देवापुढे हात जोडते, हे मात्र खरं.

परवा ती कारखान्यावरून परतली. चार बायकांत माझा हात धरून म्हणाली, "ताई हुत्या म्हून मी हाय. न्हाई तर कवाच गेले असते."

बायका कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. मी तिचा हात तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं!"