भैरोबाचा कौल आणि मी

हे कुणाला सांगायचं नाही, असं गुरवकाकांनी मला बजावलं होतं. पण तुम्ही काही आमच्या गावचे नाही. भाटघरच्या पलीकडं तुमचं येणंजाणंही नसेल. तेव्हा सांगते. देवाच्या दारात माझ्याएवढा घोटाळा कुणी केला नसेल.

झालं असं, की गावात एक कीर्तनकार बुवा आले होते. ते म्हणाले, देव प्रत्येकाशी बोलतो, आपणच ऐकत नाही. रोज घटकाभर गप्प बसा. मला ते फार पटलं. मी तशीही कमीच बोलते, म्हणजे निम्मं काम झालेलंच होतं.

पण बसायचं कुठं? पहाटे आईबरोबर जात्यावर, मग पाणी, मग शेण, मग शाळा. परसात बसले तर धाकटा भाऊ येऊन मांडीवर बसायचा. गोठ्यात डोळे मिटले तर वासरानं कान चाटला. चुलीपाशी बसले तर आई म्हणाली, "बसलीच हाईस तर लसूण सोल." अशात देव बोलणार कधी?

शेवटी जागा सापडली. भैरोबाच्या गाभाऱ्यात, मूर्तीच्या मागं. मुलींनी आत जायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण दुपारी गुरवकाका पारावर झोपलेले असत, आणि तिथल्यासारखी शांतता साऱ्या गावात नव्हती. मूर्ती आणि भिंत यांच्यामध्ये मी बरोबर मावत होते.

डोळे मिटते न मिटते तोच पावलं वाजली. गुरवकाका आणि माझे वडील, आबा! आबा कौल लावायला आले होते. आमच्याकडं काही ठरत नसलं की देवाला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. प्रश्न मनातच धरायचा.

पण मला तो वेगळा सांगायला कशाला हवा? त्याच आठवड्यात विंझरचे एक पाहुणे आमची तांबडी गाय बघून गेले होते. आबा तिला विकायला निघाले होते, दुसरं काय!

कळ्या हलेनात. आबा हात जोडून उभे. मी टाचा उंचावल्या आणि डाव्या कळीवर हळूच फुंकर मारली.

कळी पडली.

"नगं म्हंतोय देव," गुरवकाका म्हणाले. आबांनी देवापुढं डोकं टेकलं. मग निघून गेले.

गुरवकाका पुन्हा पारावर लवंडल्यावर मी घरी आले ती थेट गोठ्यात. गाईच्या गळ्यात पडले. तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला. आईला सांगत होते, "पोरीला भोरला मामाकडं ठिवून पुढं शिकवा, असं मास्तर म्हंत हुते. माझ्याबी लई मनात हुतं. पर देव नगं म्हंतोय."

आणि गाय? दुधाला कमी म्हणून पाहुण्यांनी ती केव्हाच नाकारली होती.

खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. बघता बघता गावभर झालं, की भैरोबाला पोरींची शाळा नको आहे. शेजारच्या सोनीला तिच्या बापानं शेळ्यांमागं धाडलं. पुढच्या सोमवारी शाळेत मास्तरांची लेक सोडून एकही मुलगी नव्हती. मास्तर आबांशी वाद घालून गेले. आबा एवढंच म्हणाले, की देवापुढं मी काय बोलू?

मग मात्र मी पारावर गेले, आणि जमिनीकडं बघत गुरवकाकांना सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते आधी घाबरले. पोर गाभाऱ्यात शिरली तेव्हा गुरव घोरत होता, हे गावाला कळलं असतं म्हणजे? त्यांनी आबांना सांगितलं, त्या दिवशी कळ्या शिळ्या होत्या, कौल परत लावू.

परत कौल लावला तेव्हा मी दाराबाहेर आईच्या पाठीमागं होते. श्वाससुद्धा बेतानं घेत होते. या वेळी आबांनी प्रश्न मोठ्यानं विचारला. सगळा गाव माना उंचावून कळ्यांकडं बघत होता. खूप वेळानं उजवी कळी सुटली आणि खाली पडली. दुसऱ्या दिवशी सोनी शाळेत आली.

भोरला निघताना मी गुरवकाकांच्या पाया पडले. हळूच म्हटलं, "काका, बुवा म्हंत हुते तशी म्या ऐकायलाच बसले हुते. पर देव कायबी बोलला न्हाई."

"बोलत हुता की," ते म्हणाले. "त्या दिशी उजवी कळी निम्मी सुटली हुती, म्या बघत हुतो. त्यो बोलाय लागला, आन् तूच मधी तोंड घातलंस."

तेव्हापासून मामांच्या माडीवर मी रोज सकाळी गप्प बसते. तोंडावर हात ठेवून. परवा तर खरंच वाटलं, की अगदी जवळून कुणीतरी मला— आले हो मामी, एवढं वाक्य तेवढं लिहून