रूपावहिनींची सवत

शेलूबाजारात ब्लाऊज वेळेवर शिवून हवा असेल तर रूपावहिनींकडेच जावं लागतं, आणि वर चार शब्द ऐकूनही घ्यावे लागतात. बाई हाताची साफ, तोंडाची फटकळ. पण दोन वर्षांपासून माप घेता घेता त्या एकाच नावानं बोटं मोडायच्या. सवतीच्या. आणि ही सवत म्हणजे वीतभर पक्षी!

नवरा धम्मरत्न, आसेगावकडे शाळेवर मास्तर. इकडच्या धरणांवरचे पक्षी पाहून झाले, तेव्हा मास्तरांना टर्नस्टोनचं वेड लागलं. हा समुद्रकाठच्या खडकांत राहतो, गोटे उलटवून किडे खातो आणि खडकाच्याच रंगाचा असल्यानं सहसा दिसत नाही. मास्तरांच्या मोबाईलवर आधी वहिनींचा लग्नातला फोटो होता, तिथं हा येऊन बसला. त्या दिवशी वहिनींनी भाजीत मीठ घातलं नाही, मुद्दाम.

यंदा डिसेंबरात दोघं रत्नागिरीकडे गेली. वहिनी पहिल्यांदाच समुद्र पाहत होत्या. नवी साडी नेसून त्या खडकावर बसल्या. मास्तर डोळ्यांना दुर्बीण लावून पुढं पुढं गेले. एकदा मागं वळून पाहतील तर शपथ.

आणि तो आला, थेट वहिनींच्या पायाशी. नारंगी पाय, छातीवर काळा काठ लावल्यासारखा पट्टा. चोचीनं टकाटक गोटे उलटवत चालला होता. वहिनींना तो आवडला, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. एक हाक मारली असती तर मास्तरांना ऐकू गेली असती. वहिनी गप्प बसल्या. पक्षी उडून गेला.

मास्तर परत आले. "तुले काही दिसलं काय?"

"मले काय दिसते? पाणीच पाणी हाये."

मास्तर मटकन खाली बसले आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी बायकोच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेही भर किनाऱ्यावर, चारचौघांत! वहिनी सुखावल्या. पण मास्तर बोलत होते ते त्याच्याचबद्दल.

"लय भित्रा असते तो, रूपा. माणसाजवळ येतच नाही."

"कायचा भित्रा!" वहिनी ताडकन म्हणाल्या. "माह्या चपलेवरून गेला तो!"

खांद्यावरचं डोकं हळूच उचललं गेलं.