लई घट्ट झालीया आमटी

पाचवीच्या मुलांना घेऊन मी पंचगंगेकाठी वनभोजनाला गेले होते. तीन दगडांच्या चुलीवर मुलंच आमटी करणार होती. जवळच एक म्हातारा म्हैस धूत होता. "सरक की बाई," असं तिच्याशी सारखं बोलणं चाललेलं. आमची चूल पेटेना, तेव्हा तो न बोलावता आला. मलाही त्याच सुरात "सरका की बाई" म्हणाला, चुलीचं तोंड वाऱ्याकडं फिरवून दिलं आणि परत म्हशीकडं गेला.

आमटी झाल्यावर मुलांनी चवीचा मान त्यालाच दिला. त्यानं ओले हात धोतराला पुसले, पळीतली थोडी आमटी तळहातावर घेतली आणि डोळे मिटून चाटली. मग मोठ्यानं ओरडला, "लई घट्ट झालीया की! पाणी आणा रं पोरांनो!"

मुलं पळाली. त्यानं दोन तांबे पाणी ओतलं आणि उकळी येईपर्यंत जाळ सारत बसला.

आमटी तर आधीच पातळ होती. मी तसं म्हटल्यावर तो हळूच म्हणाला, "मीठ दोन-तीनदा पडलंया, बाई. खारट म्हटलं असतं तर कुणी घातलं म्हणून भांडत बसली असती. जेवायची ऱ्हायली असती."

मुलं ती पाणचट आमटी भुरकून, परत मागून जेवली.

मी वीस वर्षं शिकवते. ती आमटी आधी मी चाखली असती, तर पहिल्यांदा हेच विचारलं असतं, "मीठ कुणी घातलं?"